एम्युलेटर आणि गेमपॅड: ॲनालॉग स्टिकच्या संवेदनशीलतेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टिक थोडी कलवली तर पात्र जागचे हलत नाही आणि जराशी जास्त कलवली की एकदम धावत सुटते. नेमकी कोणती सेटिंग बदलावी?

सुरुवातीला कोणतीच नाही. अंगठ्याने स्टिक कलवल्यापासून पडद्यावरचे पात्र हलेपर्यंत तो संकेत अनेक हातांतून जातो: गेमपॅडमधील सेन्सर, गेमपॅडचे स्वतःचे फर्मवेअर (त्यात भरलेला प्रोग्रॅम), संगणकावरील ड्रायव्हर, त्यावर बसलेला एखादा मध्यस्थ प्रोग्रॅम, एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) आणि सर्वांत शेवटी मूळ खेळ. यांपैकी प्रत्येक टप्पा हाती आलेला आकडा आपल्या परीने छाटतो, ताणतो किंवा दाबतो. त्यामुळे ‘स्टिक फार संवेदनशील आहे’ ही तक्रार ऐकायला सोपी असली तरी तिच्यामागे मोठा डेडझोन (मध्याभोवतीचा न मोजला जाणारा भाग), वाढवलेला गुणक (ज्याने आकडा गुणला जातो ती संख्या), न जुळणारा वक्र (स्टिक किती कलली आणि आकडा किती मिळतो, यांचे नाते) किंवा झिजलेला सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर मूळ दोष तसाच राहतो आणि वर नवा दोष तयार होतो.

प्रश्नात सांगितलेल्या लक्षणापुरते बोलायचे, तर तीन शक्यता आधी तपासाव्यात. पहिली अशी की, स्टिक ही स्टिक म्हणून नव्हे, तर दिशादर्शक बटणांच्या जागी जोडली गेली आहे आणि म्हणून तिला ‘चालू’ व ‘बंद’ एवढ्या दोनच अवस्था उरल्या आहेत. दुसरी अशी की, डेडझोन ओलांडल्यावर आकडा शून्यापासून हळूहळू वाढण्याऐवजी थेट २० किंवा २५ टक्क्यांवर उडी घेतो. तिसरी अशी की, सेन्सिटिव्हिटीचा गुणक इतका मोठा आहे की स्टिक अर्धी कलवताच कमाल किंमत गाठली जाते. यांतील नेमकी कोणती, हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

ते आकडे कसे पाहावेत?

गेमपॅड तपासणारी साधी साधने ब्राउझरमध्येही चालतात आणि प्रत्येक अक्षाची, म्हणजे आडव्या आणि उभ्या दिशेची, किंमत उणे १ ते अधिक १ या दरम्यान दाखवतात. एम्युलेटर पूर्ण बंद करून, कोणताही मध्यस्थ प्रोग्रॅम न चालवता, आधी तिथे पाहावे.

पहिली नोंद स्टिक सोडलेल्या स्थितीची करावी. स्टिक डावीकडे नेऊन सोडावी, मग उजवीकडे, मग वर आणि खाली नेऊन सोडावी आणि प्रत्येक वेळी ती कोणत्या आकड्यावर स्थिरावते, ते लिहून ठेवावे. चारही वेळा किंमत ०.०३ च्या आत राहिली, तर स्टिक उत्तम आहे, ०.०८ च्या आसपास असेल, तरी घाबरण्याचे कारण नाही. त्याच्या पुढे आकडा जात असेल किंवा हात न लावताही तो थरथरत असेल, तर दोष सेटिंगमध्ये नसून गेमपॅडमध्ये असण्याची शक्यता जास्त. दुसरी नोंद टोकाची: स्टिक कडेला टेकवून सावकाश एक पूर्ण फेरी मारावी आणि चारही मुख्य दिशांना किंमत १ पर्यंत पोहोचते की ०.९ वरच थांबते, ते पाहावे. तिसरी पाहणी बहुतेक जण वगळतात, पण तीच सर्वांत उपयोगी असते. स्टिक मध्यापासून टोकापर्यंत शक्य तितक्या हळू न्यावी आणि आकडा अखंड वाढतो की मध्येच उडी मारतो, ते बघावे. सुरुवातीला आकडा शून्यावरच अडकून राहिला आणि मग अचानक ०.१५ दिसू लागला, तर गेमपॅडच्या फर्मवेअरनेच आपला डेडझोन लावलेला आहे आणि तो एम्युलेटरमधून काढता येणार नाही, हे तिथेच समजते.

त्यानंतर हीच तपासणी एम्युलेटरच्या इनपुट पानावर करावी. दोन्ही ठिकाणचे आकडे सारखे असतील, तर शोध पुढे खेळाकडे न्यायचा. वेगळे असतील, तर दोष या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.

डेडझोन म्हणजे नक्की काय आणि तो किती ठेवावा?

मध्याभोवतीच्या ज्या भागात स्टिकची हालचाल मोजलीच जात नाही, तो भाग म्हणजे डेडझोन. सोडलेली स्टिक काटेकोरपणे मध्यावर परतत नाही, म्हणून तो लागतो; तो नसेल तर पात्र आपोआप सरकत राहते.

त्याचे प्रकार मात्र महत्त्वाचे आहेत. काही ठिकाणी आडव्या आणि उभ्या अक्षाला वेगवेगळा डेडझोन लावतात. अशा रचनेत स्टिक जवळजवळ सरळ वर, पण किंचित उजवीकडे झुकलेली असली, तर उजवीकडचा छोटा आकडा पुसला जातो आणि पात्र ठार सरळ चालू लागते. चार मुख्य दिशांकडे कोणीतरी खेचत असल्यासारखा जो अनुभव येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. दुसऱ्या प्रकारात मध्यापासूनचे अंतर मोजून वर्तुळाकार डेडझोन लावला जातो आणि दिशा अबाधित राहते. निवड करता येत असेल, तर हाच घ्यावा. वर्तुळाकार डेडझोनमध्येही उरलेला भाग पुन्हा शून्यापासून ताणला जातो की नाही, हे पाहावे लागते. डेडझोन १५ टक्के असेल आणि स्टिक २० टक्के कलवली असेल, तर ताणलेल्या रचनेत खेळाला सुमारे ६ टक्के मिळतात आणि न ताणलेल्या रचनेत थेट २० टक्के मिळतात. वरच्या प्रश्नातील ‘एकदम धावत सुटण्या’चे रहस्य अनेकदा इथेच सापडते.

किती ठेवावा, याचे उत्तर आपल्याच नोंदीत असते. सोडलेल्या स्थितीतील सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यात दोन-तीन टक्के मिळवावेत, एवढे पुरते. विंडोजवर गेमपॅड वाचण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट पद्धतीत ३२,७६७ या कमाल किमतीपैकी डाव्या स्टिकसाठी ७,८४९ आणि उजवीसाठी ८,६८९ असा डेडझोन सुचवलेला आहे, म्हणजे अनुक्रमे सुमारे २४ आणि २६.५ टक्के. तो बऱ्यावाईट सर्व गेमपॅडना सामावून घेण्यासाठी मुद्दाम सढळ ठेवलेला आकडा आहे. चांगल्या स्थितीतील स्टिकला ८ ते १० टक्के भरपूर होतात.

एम्युलेटरमध्ये डेडझोन शून्य केला, तरीही मधल्या भागात काहीच घडत नाही. असे का?

कारण तो एकटाच डेडझोन नव्हता. मूळ कन्सोलच्या स्टिकसुद्धा मध्यावर नेमक्या परतत नसत, म्हणून त्या काळातील बहुतेक खेळांनी आपापल्या प्रोग्रॅममध्येच डेडझोन ठेवलेला आहे. एम्युलेटर मूळ खेळ जसाच्या तसा चालवतो, त्यामुळे तो डेडझोनही जसाच्या तसा लागू होतो.

टप्पे कसे साचत जातात, याचा हिशेब करून पाहावा. मध्यस्थ प्रोग्रॅमने २४ टक्के छाटून उरलेला भाग ताणला, एम्युलेटरने त्यातून आपले १५ टक्के छाटले आणि खेळाने स्वतःचे २० टक्के छाटले, असे समजू. पहिल्यानंतर ७६ टक्के उरतात, दुसऱ्यानंतर ६४.६ आणि तिसऱ्यानंतर सुमारे ५१.७. याचा अर्थ स्टिकची जवळजवळ निम्मी हालचाल वाया जाते आणि मंद चालण्यापासून वेगाने धावण्यापर्यंतचा सगळा खेळ उरलेल्या निम्म्यात कोंबला जातो. खेळणाऱ्याला मात्र ही एकच गोष्ट दोन तक्रारींच्या रूपाने जाणवते: सुरुवातीला स्टिक मख्ख आहे आणि पुढे फार तीव्र आहे. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर पूर्ण वेग मिळेनासा होतो आणि वाढवली, तर उरलेला भागही आक्रसतो. डेडझोन एका, आणि एकाच, टप्प्यावर ठेवून बाकी सर्व ठिकाणी शून्य करणे हाच यावरचा उपाय आहे.

खेळातला डेडझोन आपल्याला काढता येत नाही, पण त्याच्यावरून उडी मारता येते. डेडझोन ओलांडताच बाहेर जाणारी किंमत शून्याऐवजी एका ठरावीक किमान आकड्यापासून सुरू करायची, अशी ही युक्ती असून तिला उलटा डेडझोन म्हणता येईल. पीपीएसएसपीपी या पीएसपी एम्युलेटरमध्ये ‘लो एंड रेडियस’ नावाची सेटिंग नेमके हेच काम करते. ती दोन-दोन टक्क्यांनी वाढवत जावी; हात न लावता पात्र सरकू लागले, की एक पायरी मागे यावे.

सेन्सिटिव्हिटी वाढवल्याने स्टिक अधिक अचूक होते का?

होत नाही, उलट होते. बहुतेक एम्युलेटरमध्ये सेन्सिटिव्हिटी म्हणजे केवळ गुणाकार असतो. १३३ टक्के ठेवल्यास स्टिक ७५ टक्के कलताच कमाल किंमत गाठली जाते आणि शेवटच्या पावभागात स्टिक कितीही हलवली, तरी फरक पडत नाही. २०० टक्क्यांवर हेच अर्ध्यावर घडते.

मग पीसीएसएक्स२ आणि डकस्टेशन या प्लेस्टेशनच्या एम्युलेटरमध्ये अलीकडच्या गेमपॅडसाठी १३० ते १४० टक्क्यांची शिफारस का असते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तिरक्या दिशांमध्ये आहे. आजच्या गेमपॅडचा आकडा वर्तुळाच्या आत राहतो, त्यामुळे स्टिक तिरकी पूर्ण कलवली, की प्रत्येक अक्षाला सुमारे ०.७०७ एवढेच मिळते. प्लेस्टेशनच्या जुन्या ड्युअलशॉक कंट्रोलरच्या स्टिक तिरक्या दिशेने याहून बऱ्याच पुढे जात आणि खेळ त्या आकड्यांवर बेतलेले होते. ०.७०७ ला १.३३ ने गुणले, की ०.९४ मिळतात, म्हणजे कोपरा जवळपास भरून निघतो. ही दुरुस्ती कोपऱ्यांसाठी आहे, अंगठ्याच्या चपळाईसाठी नाही, हे लक्षात घेतले, तर तो आकडा उगाच १८० वर नेण्याचा मोह होणार नाही.

अनेक कन्सोलचे एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गल्लत होते. तिथे ‘ॲनालॉग डेडझोन’ आणि ‘ॲनालॉग सेन्सिटिव्हिटी’ यांच्या जोडीला ‘इनपुट बटन ॲक्सिस थ्रेशोल्ड’ नावाची सेटिंग असते आणि अनेक जण तीच फिरवत बसतात. तिचे काम वेगळे आहे: एखादा अक्ष बटण म्हणून वापरला जात असेल, तर तो किती कलल्यावर बटण दाबले असे मानायचे, एवढेच ती ठरवते. स्टिकच्या चालीवर तिचा परिणाम होत नाही.

निन्टेन्डो ६४ च्या खेळांत तिरके धावताना वेग कमी का होतो?

या कन्सोलचा प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. १९९६ मध्ये आलेल्या या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये स्टिकभोवती अष्टकोनी कडा होती आणि हालचाल मोजण्यासाठी आजच्यासारखे पोटेन्शिओमीटर (घासत्या संपर्काने मोजणारे सेन्सर) नसून खाचा असलेली चाके आणि प्रकाशाचे सेन्सर होते. आकडा पाठवण्यासाठी उणे १२८ ते अधिक १२७ एवढी जागा उपलब्ध असली, तरी प्रत्यक्षात नवी स्टिक मुख्य दिशांना ८० ते ८५ च्या आसपास आणि तिरक्या दिशांना प्रत्येक अक्षावर ७० च्या आसपास थांबत असे. खेळ लिहिणाऱ्यांनी ही मर्यादा गृहीत धरली होती.

आता आजचा वर्तुळाकार कडेचा गेमपॅड जोडला आणि त्याची कमाल किंमत ८० ला जुळवली, तर तिरक्या दिशेने प्रत्येक अक्षाला ८० चे ०.७०७ पट, म्हणजे ५७ मिळतात, तर खेळाला ७० अपेक्षित असतात. वेग कमी होण्याचे हे कारण आहे. उलट बाजूने, कमाल किंमत थेट १२७ ला जुळवली, तर ८० चा टप्पा स्टिक ६३ टक्के कलताच येतो आणि पुढे मूळ कन्सोलवर कधीच न येणारे आकडे खेळाला मिळू लागतात. काही खेळ ते निमूटपणे छाटतात, तर काही खेळांत नेम किंवा चाल विचित्र होते. ‘या एम्युलेटरमध्ये स्टिक फार तीव्र आहे’ अशी या कन्सोलबाबतची तक्रार बहुधा या चुकीच्या मर्यादेतूनच आलेली असते.

म्हणून इथे रेंज (कमाल किमतीची मर्यादा) आधी आणि सेन्सिटिव्हिटी नंतर, असा क्रम ठेवावा. एम्युलेटरमध्ये रेंज टक्क्यांत विचारली जात असेल आणि १०० टक्के म्हणजे १२७ असेल, तर ६६ टक्के ठेवल्यावर ती ८४ च्या जवळ येते. त्यानंतर तिरकी दिशा कमी पडत असेल, तरच सेन्सिटिव्हिटी वाढवावी. ५७ चे ७० करायला सुमारे १२३ टक्के लागतात. त्याची किंमत अशी की, मुख्य दिशांना स्टिक ८१ टक्के कलताच पूर्ण वेग येतो. गुणाकारानंतर मुख्य दिशांचा आकडा ८५ च्या पुढे जाऊ न देण्याची सोय आपल्या एम्युलेटरमध्ये आहे का, तेही तपासावे. ती नसेल, तर १२३ ऐवजी ११० च्या आसपास तडजोड करणे मला जास्त पटते. मपेन६४प्लस-नेक्स्ट या कोअरमध्ये, म्हणजे रेट्रोआर्कमध्ये चालणाऱ्या निन्टेन्डो ६४ च्या एम्युलेटरमध्ये, डेडझोन मुळातच १५ टक्के ठेवलेला असतो. रेट्रोआर्कचा सर्वसाधारण डेडझोनही सुरू असेल, तर दोन्ही एकावर एक बसतात.

एक अपेक्षा मात्र सोडून द्यावी. आधुनिक गेमपॅड एका अक्षावर ६५,५३६ पायऱ्या मोजत असला, तरी खेळापर्यंत प्रत्येक दिशेने ८० च्या आसपासच पायऱ्या पोहोचतात. नेम धरताना जाणवणारा किंचित खडबडीतपणा हा बिघाड नाही. मूळ कन्सोलवरही तो होताच.

प्लेस्टेशनच्या काही खेळांत स्टिक अजिबात चालत नाही. संवेदनशीलता शून्य झाली आहे का?

नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला सुरुवातीला स्टिक नव्हत्या. ॲनालॉग स्टिक असलेले कंट्रोलर १९९७ मध्ये आले. त्याआधीचे खेळ स्टिक ओळखतच नाहीत. नंतरच्या कंट्रोलरवर ॲनालॉग नावाचे बटण होते आणि ते बंद असताना कंट्रोलर साध्या डिजिटल अवस्थेत राहत असे. एम्युलेटर हे बटणही जसेच्या तसे उभे करतो, म्हणून त्याला एखादी कळ नेमून द्यावी आणि ती एकदा दाबून पाहावी. जुन्या, केवळ डिजिटल खेळांसाठी डाव्या स्टिकलाच दिशादर्शक बटणांचे काम देणारी सेटिंग डकस्टेशनमध्येही आहे आणि रेट्रोआर्कमध्येही. मात्र स्टिक ओळखणारा खेळ सुरू करताना ती बंद करायला विसरू नये. पहिल्या प्रश्नातील पहिली शक्यता बहुतेक वेळा अशा विसराळूपणातूनच जन्मते.

डॉल्फिन या गेमक्यूब आणि वी कन्सोलच्या एम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन (स्टिकच्या मध्याची आणि कडेची नोंद) केल्यावर स्टिक पूर्वीपेक्षा वाईट वागते. काय चुकले?

बहुधा घाई झाली. गेमक्यूबच्या कंट्रोलरची कडाही अष्टकोनी होती, म्हणून डॉल्फिन आपल्या गेमपॅडच्या कडेचा खरा आकार नोंदवून घेतो आणि त्याला त्या अष्टकोनाशी जुळवतो. कॅलिब्रेट दाबल्यावर स्टिक कडेला टेकवून अगदी सावकाश दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. एखाद्या बाजूला स्टिक कडेपर्यंत पोहोचलीच नाही, तर डॉल्फिन तेवढीच मर्यादा खरी मानतो आणि त्या दिशेला स्टिक थोडी कलताच पूर्ण वेग देऊ लागतो. नोंदवलेला आकार पानावर दिसतो. त्यात कुठे खड्डा दिसला, तर फेरी तिथे अपुरी राहिली असे समजावे आणि पुन्हा कॅलिब्रेशन करावे. स्टिकचा मध्यच सरकलेला असेल, तर मध्यासह कॅलिब्रेशन करण्याचा स्वतंत्र पर्याय वापरावा.

याच पानावर मॉडिफायर नावाची कळ असते. ती कीबोर्डवर खेळणाऱ्यांना स्टिक अर्धी कलवल्याचा परिणाम मिळावा म्हणून दिलेली आहे. गेमपॅडचे एखादे बटण चुकून तिला जोडले गेले, तर ते दाबलेले असेपर्यंत पात्र रेंगाळत चालते आणि दोष स्टिकला दिला जातो.

मूळ कंट्रोलर ॲडॅप्टरने जोडला आहे. त्याला यातले काय लागू होते?

फार थोडे. निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब या दोन्हींचे कंट्रोलर जोडले जाण्याच्या क्षणी स्टिक जिथे असेल, तोच मध्य मानतात. म्हणून वायर लावताना अंगठा स्टिकवर नसावा. मध्य चुकलाच, तर गेमक्यूबच्या कंट्रोलरवर एक्स, वाय आणि स्टार्ट ही बटणे तीन सेकंद एकत्र धरावीत. निन्टेन्डो ६४ साठी एल, आर आणि स्टार्ट यांचा उपयोग होतो. गेमक्यूबचा अधिकृत ॲडॅप्टर डॉल्फिनला थेट जोडला असेल, तर कंट्रोलरचा आकडा सरळ खेळाकडे जातो. तिथे डेडझोन किंवा रेंज यांच्या सेटिंगच नसतात आणि त्यांची गरजही नसते.

कॅमेरा फिरवणारी उजवी स्टिकच फार वेगवान वाटते. डावी व्यवस्थित आहे.

आधी खेळाच्या स्वतःच्या मेनूत कॅमेऱ्याचा वेग बदलता येतो का, ते पाहावे. तो असेल, तर एम्युलेटरला हात लावण्याचे कारणच नाही. दुसरे, खेळाला सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेमवर चालवणारा पॅच (खेळाच्या प्रोग्रॅममधला बदल) लावला आहे का, ते आठवावे. काही खेळ कॅमेरा दर फ्रेमला ठरावीक अंशांनी फिरवतात, त्यामुळे फ्रेम दुप्पट झाल्या, की कॅमेराही दुप्पट वेगाने फिरतो. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी निम्मी केली, तर स्टिकची निम्मी रेंज कायमची गमावली जाते. पॅच काढून खेळून पाहणे हा खरा निवाडा आहे.

या दोन्ही गोष्टी नसतील, तर प्रतिसादाचा वक्र वापरावा. सरळ रेषेत अर्धी कललेली स्टिक ५० टक्के देते, घातांक १.५ ठेवला, तर तीच ३५ टक्के देते आणि घातांक २ ठेवला, तर २५ टक्के. टोकाला मात्र तिन्हींत १०० टक्केच मिळतात. म्हणजे बारीक हालचालीला जागा वाढते आणि कमाल वेग शाबूत राहतो. जे काम लोक सेन्सिटिव्हिटी कमी करून साधू पाहतात, ते खरे तर वक्राचे आहे. पण जुन्या खेळांपैकी काहींनी स्वतःचा वक्र आधीच लावलेला असतो. त्यावर आपला घातांक २ चढवला, तर सुरुवातीची हालचाल जवळजवळ नाहीशी होते, म्हणून १.२ किंवा १.३ पासून सुरुवात करावी.

वी कन्सोलच्या क्लासिक कंट्रोलरची उजवी स्टिक एका अक्षावर केवळ ३२ पायऱ्या मोजत असे, तर डावी ६४. त्या कंट्रोलरसाठीचे खेळ एम्युलेटरवर खेळताना कॅमेरा ठेचकाळत फिरल्यासारखा वाटला, तर कारण हेच आहे आणि कोणतीही सेटिंग तो गुळगुळीत करणार नाही.

विंडोजमध्ये कॅलिब्रेशन केले, पण एम्युलेटरमध्ये काहीच फरक पडला नाही.

गेम कंट्रोलरच्या जुन्या खिडकीतील ते कॅलिब्रेशन डायरेक्टइनपुट या जुन्या पद्धतीने गेमपॅड वाचणाऱ्या प्रोग्रॅमना लागू होते. एक्सइनपुटने वाचणाऱ्या एम्युलेटरपर्यंत ते पोहोचत नाही. लिनक्सवरही अशीच दुफळी आहे: जेएसकॅल या साधनाचा परिणाम जुन्या जॉयस्टिक इंटरफेसपुरता राहतो, तर आजचे बहुतेक एम्युलेटर ईव्हीडेव्ह हा नवा इंटरफेस वाचतात. तिथे कर्नलकडे प्रत्येक अक्षासाठी ‘फज’ नावाची किंमत असते आणि तिच्याहून लहान बदल गाळले जातात. ती मोठी असेल, तर स्टिक सावकाश हलवताना आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी सरकतो.

एकच स्टिक दोनदा मोजली जात आहे, असे वाटते. हे शक्य आहे का?

शक्य आहे आणि बरेचदा घडते. स्टीम या खेळविक्रीच्या प्रोग्रॅममधून एम्युलेटर सुरू केला, तर स्टीम स्वतः गेमपॅडचा ताबा घेऊन एम्युलेटरला एक आभासी गेमपॅड दाखवू शकतो. डीएस४विंडोज हा प्रोग्रॅमही असाच आभासी एक्सबॉक्स ३६० गेमपॅड तयार करतो. मूळ आणि आभासी असे दोन्ही गेमपॅड एम्युलेटरला दिसले आणि दोन्ही एकाच पोर्टला जोडले गेले, तर एकावरचा डेडझोन दुसऱ्याने भरून काढला जातो आणि सेटिंग बदलूनही काही बदलत नाही. इनपुटच्या यादीत एकाच गेमपॅडची दोन नावे दिसली, तर मध्यस्थ बंद करावा. तो हवाच असेल, तर हिडहाइडसारख्या साधनाने मूळ गेमपॅड झाकावा. मध्यस्थ ठेवणाऱ्यांनी त्याच्यातला डेडझोन शून्य करून सगळी कामगिरी एम्युलेटरवर सोपवावी, असे माझे मत आहे, कारण तिथे ती खेळागणिक बदलता येते.

सेटिंगने भागणार नाही, हे कशावरून ओळखावे?

डेडझोन २५ टक्क्यांच्या पुढे नेल्याशिवाय पात्र थांबत नसेल, किंवा स्टिक स्थिर धरूनही आकडा उसळत असेल, तर सेन्सर झिजला आहे. पोटेन्शिओमीटरमध्ये एक सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत असतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली, की त्या जागेवरचा आकडा भरकटतो. मी एका गेमपॅडचा डेडझोन वर्षभर ८, १२, १८ असा वाढवत नेला आणि प्रत्येक वेळी प्रश्न सुटला असे समजत राहिलो. प्रत्यक्षात पट्टी झिजत होती आणि मी तिच्यावर पांघरूण घालत होतो.

चुंबकाच्या साह्याने मोजणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये असे घासणे नसते. ही कल्पना नवी नाही; १९९८ मध्ये आलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तसेच सेन्सर होते. मात्र त्यांतही स्प्रिंग सैल होते आणि मध्य सरकू शकतो, म्हणून हॉल स्टिक बसवली, की डेडझोन डोळे मिटून शून्य करता येतो, असे नाही. स्टिक बदलल्यानंतर गेमपॅडचे कॅलिब्रेशन नव्याने करावेच लागते. ते न करता एम्युलेटरमध्ये आकडे जुळवत बसणे व्यर्थ आहे.

एका खेळासाठी जमवलेली सेटिंग दुसऱ्या खेळात बिघडते. दर वेळी बदलत राहावे का?

तसे करू नये. गेमपॅडशी संबंधित गोष्टी, म्हणजे कॅलिब्रेशन आणि डेडझोन, सर्वसाधारण सेटिंगमध्ये एकदाच ठरवाव्यात. खेळाशी संबंधित गोष्टी, म्हणजे रेंज, उलटा डेडझोन आणि वक्र, त्या-त्या खेळाच्या प्रोफाइलमध्ये ठेवाव्यात. रेट्रोआर्कमध्ये यासाठी कोअर, फोल्डर आणि खेळ अशा तीन पातळ्यांवर ओव्हरराइड (सर्वसाधारण सेटिंगच्या जागी लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइल) साठवता येतात आणि खेळाचा ओव्हरराइड इतर दोन्हींवर मात करतो. सर्वसाधारण मेनूत केलेला बदल खेळ सुरू होताच पुसला जात असेल, तर पूर्वी कधीतरी साठवून विसरलेली अशी एखादी फाइल कॉन्फिग फोल्डरमध्ये शोधावी आणि काढून टाकावी.